नमुने पुण्याला पाठवले आहेत

मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला एक वाक्य पाठ असतं. कुठल्यातरी तालुक्यात तापाची साथ येते, जंगलात माकडं मरून पडतात, एखाद्या वस्तीवरची मुलं झटके येऊन दोन दिवसांत दगावतात, आणि बातमीच्या शेवटी छापून येतं: 'रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासणीसाठी पुण्याला पाठवण्यात आले आहेत.' तिथे बातमी संपते. नमुन्यांचं काय झालं, उत्तर कधी आलं, आलं तर ते गावात कोणाला कळलं का, हे त्या पानावर क्वचितच येतं. त्या वाक्यानंतर काय घडतं, किंवा घडायला हवं, त्याचं हे पुस्तक आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. 'लॅब' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चौकातली पॅथॉलॉजी लॅब येते. ती एका माणसासाठी काम करते; त्याची साखर, त्याचं हिमोग्लोबिन, त्याचा रिपोर्ट. सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेचा रुग्ण म्हणजे अख्खं गाव असतं. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत विहिरीचं पाणी येतं, ब्लीचिंग पावडरचा नमुना येतो, जत्रेत विषबाधा झाली तर उरलेला प्रसाद येतो. त्याच्या वर राज्याच्या प्रयोगशाळा, आणि सगळ्यांत वर देशाची एक किंवा काही मोजक्या. या वरच्या प्रयोगशाळेची कामं बाहेरच्या माणसाला दिसत नाहीत. खालच्यांना न उलगडलेला नमुना तिनं उलगडायचा, नव्या रोगाला नाव द्यायचं, चाचणीची किटं बनवायची किंवा बाजारात आलेली पारखून घ्यायची, खालच्या प्रयोगशाळांना ओळख लपवलेले नमुने पाठवून त्यांचीच परीक्षा घ्यायची, आणि जुने जंतू गोठवून जपायचे. यातलं एकही काम नीट झालं तर बातमी होत नाही.

डेंग्यूचं उदाहरण घ्या. पावसाळा सरता सरता दर वर्षी तोच तमाशा होतो. खाजगी दवाखान्यात छोट्या कार्डावर दोन रेघा उमटतात, घरचे प्लेटलेटसाठी धावपळ करतात, आणि महापालिका सांगते की शहरात डेंग्यूचे रुग्ण अगदी थोडे. लोक म्हणतात, आकडे लपवले. कधीकधी लपवलेही जातात. पण पुष्कळदा भानगड वेगळी असते. सरकारी मोजणीत एलायझा चाचणीनं निश्चित झालेलाच रुग्ण धरतात, बाकीचे 'संशयित'. आणि ती चाचणी ठरावीक रुग्णालयांतच होते. त्यासाठी लागणारं किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, बनवून देशभर पुरवते. अहमदाबादचा डेंग्यू आणि नागपूरचा डेंग्यू एकाच मापानं मोजला जावा, ही त्यामागची गोष्ट. वजनमापं खात्यानं दुकानदाराच्या तराजूवर शिक्का मारावा, तसं हे आहे.

या कामाची परंपरा जुनी नाही. जेमतेम दीडशे वर्षांची. संगीतात जशी घराणी, तशी इथेही आहेत, आणि त्यांच्यात भांडणंही तशीच. पॅरिसचं पाश्चरचं घराणं लसीकडे झुकलेलं. 1888 साली उभ्या राहिलेल्या त्या संस्थेच्या शाखा जगभर पसरल्या. बर्लिनचं रॉबर्ट कॉखचं घराणं म्हणे, आधी जंतू पकडा, त्याला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवा, मग बाकीचं. याच कॉखनं 1884 मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याच्या जंतूवर शिक्कामोर्तब केलं. तिसरं घराणं म्युनिकच्या पेटेनकोफरचं. तो म्हणायचा, नुसत्या जंतूनं काही होत नाही. जमीन, पाणी, गटारं पाहा.

1892 साली हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्यानं आठ हजारांवर माणसं गेली. शेजारचं आल्टोना त्याच एल्बे नदीचं पाणी पीत होतं, पण वाळूतून गाळून, आणि ते जवळजवळ सुटलं. पाण्यातला जंतू हेच कारण, हे कॉखला यातून स्पष्ट दिसलं. पेटेनकोफरनं मात्र कॉलऱ्याच्या जंतूंचं कल्चर मागवून घेतलं आणि चक्क पिऊन टाकलं. त्याला थोडे ढाळ लागले, जिवावर बेतलं नाही. शास्त्राच्या बाबतीत तो चुकला होता. पण म्युनिकमध्ये स्वच्छ पाणी आणि गटारं आली ती त्याच्या हट्टापायी. प्रयोगशाळेचा इतिहास लिहिताना या चुकलेल्या म्हाताऱ्याला वगळतात. मला ते पटत नाही. जंतू सापडला म्हणून गटार साफ होत नाही, ही गोष्ट आपल्याला अजून रोज शिकावी लागते.

आपल्याकडची कथा मुंबईत सुरू होते, आणि तिच्या सुरुवातीला एक गोंयकार आहे. डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस, हडफड्याचे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागातल्या रुग्णांना तपासून त्यांनी सांगितलं, ही ब्युबॉनिक प्लेगची गाठ आहे. हे बोलणं सोपं नव्हतं. प्लेग म्हणजे बंदर बंद, कापसाचा व्यापार ठप्प. खात्री करण्यासाठी सरकारनं कोलकात्याहून वाल्देमार हाफकिनला बोलावून घेतलं. जन्मानं ओदेसाचा ज्यू, तालीम पाश्चर घराण्यात, आणि कॉलऱ्याची लस स्वतःला टोचून घेतलेला माणूस. ऑक्टोबरमध्ये तो मुंबईत उतरला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. 10 जानेवारी 1897 रोजी त्यानं प्लेगची लस आधी स्वतःला टोचली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. जानेवारीत लस, फेब्रुवारीत साथरोग कायदा, मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, जूनमध्ये पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी. भायखळ्याची ती खोली रोगाचं कारण आणि उपाय शोधत होती, आणि त्याच वेळी कायदा घराघरांत शिरण्याचा अधिकार देत होता. लोकांना यातलं दिसलं ते दुसरंच. आपल्याकडे 'तपासणी' या शब्दाला जो पोलिसी वास आहे, तो तिथून आलेला असावा असं मला वाटतं. 2020 साली तोच 1897 चा कायदा पुन्हा बाहेर निघाला तेव्हा स्वॅब द्यायला माणसं का घाबरत होती, हे समजायला फार मानसशास्त्र लागत नाही.

1899 मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. प्लेग उंदराकडून माणसाकडे पिसवेमार्फत जातो, हे सिद्ध करण्यात तिथल्या ग्लेन लिस्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. त्यांनी प्लेग झालेल्या चाळींत गिनिपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर जमा झालेल्या पिसवा मोजल्या. चाळ हीच प्रयोगशाळा झाली. मुंबईच्या शास्त्रीय इतिहासातलं हे मला सर्वांत आवडणारं दृश्य आहे.

पण परळच्या वाट्याला मुलकोवालही आलं. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या त्या गावी एकाच बाटलीतून, 53-एन क्रमांकाच्या, लस टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं मेली. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. लस बनवण्याची पद्धत हाफकिननं बदलली होती, आणि चौकशी करणाऱ्यांना तेवढं पुरलं. त्याला पदावरून दूर केलं. खरं कारण गावातच होतं: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हे मान्य व्हायला 1907 उजाडलं. त्याआधी शास्त्रज्ञ रोनाल्ड रॉससारख्यांना वर्तमानपत्रांतून भांडावं लागलं. हाफकिन भारतात परतला, पण मुंबईची संस्था त्याला पुन्हा मिळाली नाही. 1925 मध्ये तिला त्याचं नाव दिलं, तेव्हा तो युरोपात होता. बाटलीवर क्रमांक होता आणि साक्षी नोंदवलेल्या होत्या, म्हणून तो पाच वर्षांनी तरी सुटला. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुणांना मी नोंदवहीचं महत्त्व सांगायचो तेव्हा हीच गोष्ट सांगत असे.

त्याच सुमारास मद्रासजवळ गिंडीला किंग इन्स्टिट्यूट उभी राहिली, कसौलीला आणि कुन्नूरला पाश्चर संस्था आल्या. देवीची, पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाची, पटकीची लस बनवणं हे त्यांचं मुख्य काम. संशोधन, निदान आणि उत्पादन एकाच छपराखाली ठेवायचं की वेगळं करायचं, हा वाद तेव्हापासूनचा. परळमध्ये 1975 साली उत्पादनाचं वेगळं महामंडळ झालं. 2008 मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडीच्या सरकारी लस कारखान्यांचे परवाने उत्पादनाच्या दर्जाच्या कारणावरून निलंबित झाले आणि 2010 मध्ये परत मिळाले. याबद्दल मतं टोकाची आहेत आणि या पुस्तकातही ती तशीच आली आहेत. त्यांना समेटात बसवण्याचा प्रयत्न केलेला नाही.

बाहेरच्या देशांतली दोनच उदाहरणं. 1939 मध्ये ब्रिटनला भीती वाटली की जर्मनी जंतूंचा हल्ला करील. म्हणून देशभर प्रयोगशाळांचं जाळं विणलं. हल्ला झालाच नाही, पण जाळं इतकं उपयोगी पडलं की युद्ध संपल्यावर ते कायम केलं. अमेरिकेचं सीडीसी 1946 मध्ये अटलांटाला उभं राहिलं ते युद्धकाळातल्या मलेरिया नियंत्रणाच्या कार्यालयातून. तिथे प्रयोगशाळेच्या बरोबरीनं साथीच्या गावी धावणारे डॉक्टर तयार करण्यावर भर दिला गेला. दिल्लीचं आपलं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रसुद्धा मलेरियाच्याच संस्थेतून वाढलं आहे. ब्रिटनचा धडा जाळ्याचा, अमेरिकेचा धावपळीचा. आपण दोन्ही घेतले, पण दोन्ही थोडे थोडे.

आता पुणे. 1952 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून इथे व्हायरस रिसर्च सेंटर, म्हणजे आजची एनआयव्ही, काढलं. डास, गोचीड, माशा यांच्यामार्फत पसरणारे विषाणू हा त्याचा विषय. पाचच वर्षांत परीक्षा आली. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात वानरं आणि माकडं मरू लागली, मग माणसं. संशय पिवळ्या तापाचा होता, आणि तो खरा ठरला असता तर हाहाकार झाला असता. तो रोग पसरवू शकणारा डास आपल्याकडे आहे, रोग नाही. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी गोचिडीतून आणि रुग्णांतून नवाच विषाणू वेगळा केला. त्याचे नातलग रशियात होते. तो तिथून पक्ष्यांबरोबर आला असेल का, या शंकेतून पुढे सालिम अलींच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पक्ष्यांच्या पायांत कड्या घालण्याच्या मोठ्या कामासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा मिळाला. पक्षी निर्दोष निघाले, पण आपल्या पक्षिशास्त्राचं त्यात भलं झालं. आज तोच 'माकडताप' दोडामार्ग, बांदा आणि गोव्यातल्या सत्तरीत काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे.

1965 मध्ये नागपुरातल्या एका वस्तीत तापाच्या साथीत घेतलेल्या रक्तातून पुण्याच्या केंद्राला आणखी एक विषाणू मिळाला. चांदीपुरा हे त्या वस्तीचं नाव आज जगभरच्या विषाणूशास्त्राच्या पुस्तकांत आहे. जवळजवळ चाळीस वर्षं कोणी त्याची फारशी दखल घेतली नाही. मग 2003 मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात मुलं मेंदूज्वरानं जाऊ लागली आणि फ्रीझरमधल्या त्या जुन्या नावाची आठवण झाली.

चिकुनगुन्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. 1973 मध्ये बार्शीत त्याची साथ आली आणि मग तो देशातून दिसेनासा झाला. 2005-06 मध्ये परत आला तो लाखो लोकांचे सांधे धरत. जुना विषाणू जागा झाला की नवा आला? एनआयव्हीनं जपून ठेवलेले जुने नमुने नव्यांशी ताडून पाहिले. जुना आशियाई घराण्यातला, नवा आफ्रिकी. आणि गंमत अशी की 2000 साली दौंड तालुक्यातल्या यवतला पकडलेल्या डासांतला विषाणूही आफ्रिकी निघाला. म्हणजे पाहुणा पाच वर्षं आधीच घरात येऊन बसला होता. उणे सत्तर अंशांत कुपी ठेवणं हा वायफळ खर्च आहे असं म्हणणाऱ्या प्रत्येक हिशेबनिसाला मी यवतला न्यावं म्हणतो.

नाव वेळेवर मिळणं आणि न मिळणं यातला फरक कळण्यासाठी दोन जोड्या पाहाव्यात. 2001 मध्ये सिलिगुडीत एका तापानं रुग्णालयातले कर्मचारीही गेले. रोगाला नाव मिळालं नाही; जपून ठेवलेले नमुने काही वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा निपाह निघाला. मे 2018 मध्ये कोळिकोडच्या डॉक्टरांना शंका येताच नमुने मणिपालला गेले, मग पुण्यात खातरजमा झाली, आणि काही दिवसांतच निपाह हे नाव हातात होतं. साथ एका पट्ट्यात रोखली गेली. दुसरी जोडी आपल्या अंगणातली. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग असल्याचं दिसलं, सप्टेंबरमध्ये सुरत. शहरातून लाखो लोक पळाले, परदेशांनी विमानं थांबवली, आणि हा खरोखर प्लेग आहे का यावर शास्त्रज्ञांचं नंतर कितीतरी काळ एकमत नव्हतं. प्लेगच्या जंतूवर जगात पहिल्यांदा इतकं काम ज्या देशात झालं, त्या देशाला शंभर वर्षांनी त्याचंच निदान ठामपणे सांगता येईना. प्लेग गेला असं समजून आपण प्लेग ओळखणारे हातही जाऊ दिले होते.

ऑगस्ट 2009 मी पुण्यात काढला. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू इथे झाला होता, नायडू रुग्णालयासमोर रांगा होत्या, लोकांनी रुमाल आणि ओढण्या तोंडाला बांधल्या होत्या. शहरात एनआयव्ही असल्याचा पुणेकरांना अभिमान होता. पण आपला रिपोर्ट कुठे अडकला आहे हे रांगेतल्या एकालाही सांगता येत नव्हतं. दिव्याखाली अंधार ही म्हण तेव्हा शब्दशः अनुभवली. साडेदहा वर्षांनी, जानेवारी 2020 मध्ये केरळातल्या देशाच्या पहिल्या कोविड रुग्णाचा नमुनाही पुण्यातच तपासला गेला. त्या महिन्यात सगळी भिस्त या एका संस्थेवर होती. जून संपेपर्यंत देशात एक हजारांवर प्रयोगशाळा कोविडची चाचणी करत होत्या. त्यांना पद्धत शिकवणं, त्यांचे निकाल पडताळणं, आयात झालेली रॅपिड अँटीबॉडी किटं भरवशाची नाहीत हे वेळेत सांगणं ही कामं दिव्यांच्या आणि टाळ्यांच्या त्या दिवसांत पडद्यामागे चालू होती.

मग आता कशाला हे सगळं? कारण शांतता फार टिकत नाही. जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड भागात गुलेन बारी सिंड्रोमच्या रुग्णांची संख्या बघता बघता वाढली; संशयित दोनशेच्या वर गेले. एनआयव्हीत शौचाचे नमुने तपासले तेव्हा कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस दिसले. म्हणजे बोट पुन्हा विहिरीकडे, पुन्हा क्लोरिनकडे, पुन्हा पेटेनकोफरच्या गटाराकडे. अतिसुरक्षित प्रयोगशाळेपासून काही किलोमीटरवर पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली की नाही हा प्रश्न होता. नागपूरला माणूस, जनावरं आणि जंगल यांचे रोग एकत्र पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची 2022 मध्ये पायाभरणी झाली आहे. चांगलंच आहे. पण माझं म्हणणं इतकंच आहे की वरच्या मजल्याचं बांधकाम आपल्याला आवडतं आणि जिन्याकडे लक्ष जात नाही. जिल्हा प्रयोगशाळेतलं तंत्रज्ञाचं रिकामं पद, शीतपेटीतला वितळलेला बर्फ, नीट न भरलेला फॉर्म, ज्या आरोग्य केंद्रानं नमुना पाठवला तिथे कधीच न पोचलेला अहवाल: राष्ट्रीय प्रयोगशाळा इथे कमी पडते, यंत्रात नाही. नमुना खालून वर नेणारी वाट आपण बरी बांधली आहे. उत्तर खाली आणणारी वाट अजून पायवाटच आहे.

या पुस्तकातले लेख ती वाट वेगवेगळ्या टोकांकडून चालतात. लिहिणाऱ्यांत विषाणूशास्त्रज्ञ आहेत, तसेच कीटक पकडणारे, आयुष्यभर पाण्याचे नमुने तपासलेले तंत्रज्ञ, जिल्ह्याचे साथरोग अधिकारी आणि प्राण्यांचे डॉक्टरही आहेत. हे पाठ्यपुस्तक नाही. चाचणी कशी करावी हे यात शिकता येणार नाही. संस्थांचा गौरवग्रंथही नाही. क्षयाच्या प्रयोगशाळांचं जाळं आणि अन्नभेसळीची तपासणी हे दोन मोठे विषय आम्ही मुद्दाम बाहेर ठेवले, ते स्वतंत्र पुस्तकं मागतात म्हणून. भाषेवर बरीच हुज्जत झाली. कल्चरला 'संवर्धन' म्हणावं असा एक आग्रह होता. शेवटी कल्चरच ठेवलं, कारण प्रयोगशाळेत कोणीही दुसरं म्हणत नाही.

हे पुस्तक डॉक्टरांनी वाचावंच, पण आमच्या डोळ्यांसमोर ग्रामसेवक होते, आशाताई होत्या, तालुक्याचे वार्ताहर होते. त्यांतल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी 'नमुने पुण्याला पाठवण्यात आले आहेत' असं लिहाल, तेव्हा ती तारीख डायरीत टिपून ठेवा, आठ दिवसांनी आरोग्य केंद्रात जाऊन उत्तर आलं का ते विचारा, आणि आलं नसेल तर तीही बातमी छापा.